पेटीआजीची धाप

माझ्याजवळ कान आणलात, मित्रांनो, तर आधी सूर ऐकू येणार नाही. धाप ऐकू येईल. घाबरू नका. मी एक जुनी पायपेटी आहे आणि माझ्या वयाला धाप शोभते. तुमच्या ओळखीची पेटी मांडीशी घेऊन वाजवतात, एका हाताने भाता मारतात. माझं तसं नाही. मी छोट्या कपाटाएवढी. माझ्यासमोर स्टुलावर बसायचं, पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबायच्या, म्हणजे माझ्या पोटातला भाता भरतो आणि दोन्ही हात पट्ट्यांवर फिरायला मोकळे राहतात. पाय श्वास देतात, हात गाणं देतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला घडवलं ते एका अरुंद बोळातल्या कारखान्यात. कारागिराला एका कानाने कमी ऐकू यायचं. त्याची बायको म्हणायची, "माझं नाही ऐकू येत, पेटीचं बरं ऐकू येतं." तो हसून मान खाली घालायचा आणि पितळेची एकेक जीभ कानसत बसायचा. माझ्या आत अशा पुष्कळ जिभा आहेत. भात्यातली हवा त्यांच्या अंगावरून गेली की त्या थरथरतात, आणि तुम्ही म्हणता, वा, काय सूर आहे. शेवटच्या दिवशी त्याने माझी एकही पट्टी दाबली नाही. नुसता भाता भरला, बोट स्वतःच्या जिभेवर ओलं केलं आणि माझ्या सगळ्या सांध्यांवरून हळूहळू फिरवलं. ओल्या बोटाला कुठे गार लागतंय का, ते पाहत होता. "हवा डोळ्याला दिसत नाही," तो बायकोला म्हणाला, "ओल्या कातडीला कळते." तेव्हा माझ्या अंगात कुठेही फट नव्हती. मी तरुण होते.

तिथून मी एका प्रार्थनाघरात आले. लांबट खोली, पाठीचे बाक, उंचावर काचेच्या खिडक्या, एका भिंतीला साधा लाकडी क्रूस. मला उजव्या कोपऱ्यात ठेवलं आणि पवित्र ग्रंथातली जुनी गाणी माझ्यावर वाजू लागली.

त्या गाण्यांविषयी तुम्हाला सांगायला हवं. आधी मला वाटलं होतं, देवाच्या घरात गोड गोड स्तुतीच चालत असेल. पण त्या गाण्यांतली कितीतरी नुसती रडण्याची होती. कुणी आजारी पडून अंथरुणाला खिळलेला, कुणाला मित्रांनी सोडलेलं, कुणाचं घर, गाव, सगळं राख झालेलं. आणि ती माणसं देवाला स्पष्ट विचारत होती, तू आहेस कुठे, झोपलास का, तोंड का फिरवलंस. मला तर भीतीच वाटली, आता यांना कुणीतरी बाहेर काढणार. कुणी काढलं नाही. उलट ही बोलणी कुणीतरी जपून ग्रंथात ठेवली होती, स्तुतीच्या गाण्यांना खेटून. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ही माणसं कितीही चिडली तरी देवाला 'तू' म्हणायचं सोडत नाहीत. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं ना.

त्या प्रार्थनाघराची एक रीत होती. फार पूर्वीच्या एका पाळकांनी ती घालून दिली होती. पाळक म्हणजे उपासना चालवणारे, मंडळींची काळजी घेणारे. त्यांचं म्हणणं, लोकांनी देवाच्या घरातून रडत बाहेर पडू नये. म्हणून दुःखाचं कुठलंही गाणं झालं की लगेच धन्यवादाचं कडवं जोडायचं. ठरलेलं कडवं, ठरलेली चाल, जरा उडती. ते सुरू झालं की बाक करकरायचे, मंडळी उभी राहायची, रुमाल खिशात जायचे. बऱ्याच गाण्यांना ते चालूनही जायचं, कारण ती गाणी शेवटाकडे आपणहूनच उजेडाकडे वळतात. पण एक गाणं तसं नाही. ते वळतच नाही. गाणारा हाका मारतो, मारत राहतो, आणि शेवटी त्याच्यापाशी अंधार तेवढा उरतो. तिथेच ते थांबतं. त्याला कडवं जोडायला गेलं तर ठिगळासारखं दिसायचं, म्हणून ते कुणी म्हणतच नसे. गाण्यांच्या पुस्तकातली इतर पानं बोटं लागून मऊ झाली होती. त्या गाण्याचं पान कोरं करकरीत होतं.

माझ्या तरुणपणीचे वाजवणारे गेले आणि पेटीवाल्या मावशी आल्या. उंच, हडकुळ्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्यांच्या हातात सूर असा बसला होता की डोळे मिटून वाजवायच्या. "मावशी, पेटी बोलते हो तुमच्याशी," लोक म्हणायचे. मावशी म्हणायच्या, "बोलते कसली, तक्रार करते. पाय दुखतात का बघा आधी, म्हणते." मलाही कौतुकाचा वाटा मिळायचा. माझं लाकूड तेलाने पुसलं जायचं, पट्ट्यांवर स्वच्छ कापड पडायचं. ते दिवस आठवले की अजून पितळ गरम झाल्यासारखं वाटतं.

मग माझ्या भात्याचं कातडं वाळलं. आधी एक भेग, मग दुसरी. उजव्या बाजूचा एक सांधाही उलला. वाजवताना मधेच फुस्स असा आवाज यायचा. झाडलोट करणारे काका म्हणाले, "पेटीला दमा झालाय." मंडळी हसली. मला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

त्याच सुमाराला ठिपका आली.

ठिपका म्हणजे आमच्या मंडळीतल्या टेलरबाईंची मुलगी. टेलरबाई वयाने लहानच होती, पण सगळ्या शाळेचे गणवेश तीच शिवायची म्हणून लहानथोर तिला बाईच म्हणत. मशीनही जुनं, पायाने चालवायचं. पोटातल्या बाळाचा पहिला फोटो काढला तेव्हा त्यात नुसता एक ठिपका दिसला होता. ती आणि तिचा नवरा तो फोटो बघून खूप हसले, आणि मुलीचं नाव काहीही ठेवलं तरी घरात ठिपकाच राहिली.

टेलरबाई मुलीच्या बाबतीत जरा जास्तच काळजी करणारी. उपासना चालू असताना एक डोळा पुस्तकावर, एक ठिपक्यावर. "धावू नकोस, घाम येईल. फरशीवर बसू नकोस, गार आहे." सासूबाई म्हणायच्या, "अगं, मूल आहे, काचेचं भांडं नाही." टेलरबाई म्हणायची, "भांडं असतं तर बरं झालं असतं आई. कपाटात ठेवलं असतं."

ठिपक्याला माझी धाप फार आवडायची. उपासना संपली की ती माझ्या उजव्या बाजूला, त्या उललेल्या सांध्याला कान लावून उभी राहायची. "मावशीआजी, पाय मारा ना. पट्टी नका दाबू." मावशी पाय मारायच्या. सांध्यातून बारीक वारा यायचा आणि ठिपका खुदकन हसायची. "पेटीआजी कानात फुंकते." मग डॉक्टर व्हायची. माझ्या लाकडावर पेला उपडा ठेवायची, त्याला कान लावायची आणि गंभीर आवाजात सांगायची, "लांब श्वास घ्या. सोडा. परत घ्या. काही नाही, बऱ्या होणार तुम्ही. खोकल्याचं औषध देते. गोड आहे."

मित्रांनो, मला खूप जणांनी वाजवलं आहे. पण मी बरी होणार असं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

थंडीच्या तोंडावर ठिपका उपासनेला आली नाही. ताप आहे, असं कुणी म्हणालं. मग ताप छातीत उतरला, असं कळलं. मग दवाखान्यात ठेवलंय. दुपारच्या वेळी, प्रार्थनाघर रिकामं असताना, टेलरबाई एकटी यायची. दवाखाना पलीकडच्याच रस्त्याला होता आणि आत एका वेळी एकालाच बसू देत. नवरा बसला की ती इकडे. पहिल्या बाकाशी गुडघे टेकायची आणि ती जुनी गाणी नुसती वाचायची, कुजबुजत, एकामागून एक. वळणाऱ्या ओळी आल्या की त्या दोनदा वाचायची, जणू तिथे जोर दिला की ठिपक्याचा श्वासही वळेल. एकदा मावशी फुलदाणीत पाणी भरायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कशी आहे गं?"

"श्वास मोजते मी मावशी. नर्सबाई म्हणाल्या, मशीन मोजतंय, तुम्ही नका मोजू. पण मशीन काय तिची आई आहे?"

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "देव ऐकतो गं."

"ऐकू दे," टेलरबाई म्हणाली. "नुसतं ऐकत बसू नको म्हणावं. ऊठ म्हणावं आता."

ठिपका गेली. मला हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. ती गेली, आणि बाहेर दुधाची गाडी आली, शाळा भरली, खिडकीच्या काचांतून फरशीवर नेहमीसारखं ऊन पडलं.

शेवटच्या उपासनेला प्रार्थनाघर भरून गेलं होतं. तिची शवपेटी एवढीशी होती. पाळकसाहेब बोलले. मग रडण्याचं गाणं झालं. मावशींनी ते इतकं हळू वाजवलं की माझी धाप सुरांच्या वर ऐकू येत होती. सगळं प्रार्थनाघर रडत होतं. टेलरबाईही गात होती, तोंड उघडं, आवाज जवळजवळ नाही.

गाणं संपलं. आणि मावशींचे हात थांबले नाहीत.

त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांचे डोळे मिटलेले होते, गाल भिजलेले होते. पण त्या हातांनी उभ्या आयुष्यात दुःखाच्या गाण्यानंतर एकच गोष्ट केली होती. ते आपणहून सरकले आणि माझ्यातून ती उडती चाल बाहेर पडली. बाक करकरले. मंडळी सवयीने उभी राहिली. रुमाल खिशात गेले. धन्यवादाचं कडवं अर्ध्या मोठ्या आवाजात सुरू झालं, आणि लोकांच्या ध्यानात येईपर्यंत दुसरी ओळ लागली होती. आता थांबावं कसं, हे कुणाला कळेना. म्हणून सगळ्यांनी ते पुरं केलं.

टेलरबाई बसलेलीच होती. तिने एकदा वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग उठली, त्या एवढ्याशा पेटीवर हात ठेवला आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेली. त्यानंतर ती उपासनेला आली नाही.

लोक वाईट नव्हते, मित्रांनो. पण माझ्या कोपऱ्याजवळ उभं राहून ते काय काय बोलायचे, ते मी ऐकलं आहे. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." "वय आहे तिचं, दुसरं होईल." "म्हणे देवावर रुसलीय. असं कुठे असतं का?" त्या जुन्या ग्रंथात राखेत बसलेला एक दुःखी माणूस आहे, त्याचे मित्र भेटायला आले, आणि गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. ते वाचतात सगळे. पण स्वतःचं तोंड उघडताना कुणाला आठवत नाही.

मावशी तेवढ्या एकदा फाडकन बोलल्या. "रुसली तर रुसू दे. ज्याच्याशी नातं नाही त्याच्यावर कोण रुसतं?"

पुढच्या रविवारी त्या माझ्यापुढे बसल्या, हात पट्ट्यांवर नेले आणि परत मांडीवर घेतले. "गुडघे साथ देत नाहीत पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. गुडघ्यांचं मला कळतं.

मग नवीन वाद्य आलं. विजेवर चालणारं, चपटं, एका पोराने काखेत मारून आणलं. "याला पाय मारायला नको," तो काकांना म्हणाला. "बटण दाबलं की झालं." काका म्हणाले, "मग पाय घरी ठेवून येतोस का?" हसले, पण मला हलवायचं काम त्यांच्याच अंगावर आलं. "पेटी नाही, म्हैस आहे," असं पुटपुटत त्यांनी मला बाजूच्या खोलीत ढकललं. तिथे मोडके बाक होते, जुने पडदे, बादल्या, फरशी पुसायचे कपडे. माझ्या डोक्यावर रिकाम्या फुलदाण्या आल्या. एकीच्या बुडाला पाणी होतं. त्याचा गोल डाग माझ्या लाकडावर अजून आहे. उंदरांनी आत येऊन भात्याचं कातडं चाखून पाहिलं. भिंतीपलीकडून रविवारी उडती चाल ऐकू यायची. त्या वाद्याला धाप लागत नव्हती.

एका दुपारी दार उघडलं. टेलरबाई होती. काखेत मोठं गाठोडं. बाकांच्या उशांच्या खोळी शिवायचं काम तिने ठिपका आजारी पडायच्या आधी घेतलं होतं. काम घेतलं म्हणजे द्यायला हवं. ती तशीच होती. काकांनी तिला इकडे ठेवायला सांगितलं असावं. ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने गाठोडं माझ्यावर ठेवलं. वळली. मग मी कोण आहे ते तिला दिसलं.

ती परत माझ्याजवळ आली. मग स्टुलावरच्या बादल्या खाली ठेवल्या आणि बसली. हात मांडीवर. तोंड माझ्याकडे, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिचे पाय खाली आले आणि माझ्या फळ्यांवर पडले. पायाने मशीन चालवणाऱ्या बाईचे पाय ते. फळी लागली की चालायला लागतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. भाता भरला. इतक्या दिवसांनी माझ्यात श्वास आला. धाप लागली, सगळ्या भेगांतून फुसफुसायला लागलं, आणि ती दचकली. पण पाय थांबले नाहीत.

"तू होतास ना तिथे," ती म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती.

"सगळे म्हणतात तू सगळीकडे असतोस. मग दवाखान्यातही होतास. मी मोजत होते तेव्हा तूही मोजत होतास. मग एक श्वास जास्त द्यायला तुझं काय जात होतं? मला सांग. इतरांना नको सांगूस, ते मला येऊन काहीतरी भलतंच सांगतात. मला सांग."

उत्तर आलं नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला. खिडकीतून उजेडाचा झोत आला नाही, आवाज आला नाही. तिचे पाय चालत होते आणि मी धापा टाकत होते.

दारात मावशी उभ्या होत्या. हातात फुलदाणी. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्या आत आल्या, फुलदाणी ठेवली आणि तिच्या शेजारी खाली फरशीवरच बसल्या, त्या दुखऱ्या म्हणवणाऱ्या गुडघ्यांवर. काही बोलल्या नाहीत. टेलरबाईनेही बघितलं नाही. खूप वेळाने ती म्हणाली, "फरशी गार आहे मावशी."

"असू दे."

"त्या दिवशी..."

"हे मेले माझे हात," मावशी म्हणाल्या. "तोडून टाकावेसे वाटतात मला. मनात नव्हतं गं माझ्या."

"माहीत आहे मला."

"मग का गेलीस?"

"सगळे उभे राहिले मावशी. सगळ्यांचं संपलं. माझं सुरूही झालं नव्हतं. मग मी तिथे बसून काय करू? माझं जे आहे ते आत आणायचंच नसेल, तर ते बाहेर ठेवून नुसतं शरीर घेऊन येऊ का आत?"

मावशी पदराने नाक पुसत राहिल्या. मग उठल्या, मोडक्या बाकावरचं एक जुनं गाण्यांचं पुस्तक घेतलं, पानं उलटली. ते कोरं करकरीत पान चिकटलं होतं. नखाने सोडवावं लागलं.

"एक गाणं आहे. आम्ही कधी म्हटलं नाही. याला शेवट नाही."

"शेवट नाही म्हणजे?"

"म्हणजे उजाडत नाही याच्यात."

टेलरबाईने पान वाचलं. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे यांनी ग्रंथात ठेवलंय?"

"ठेवलंय."

"काढलं नाही कुणी?"

"नाही. हजारो वर्षं कुणाची हिंमत झाली नाही. आम्ही नुसतं पान उघडलं नाही."

"वाजवा," ती म्हणाली. "पाय मी मारते."

मावशी तिच्या शेजारी स्टुलाच्या अर्ध्या भागावर टेकल्या. पाय एकीचे, हात दुसरीचे. माझ्या अनेक जिभा मुक्या झाल्या होत्या. मधले काही सूर लागलेच नाहीत, तिथे नुसता वारा आला. टेलरबाई त्या रिकाम्या जागांवरूनही गात गेली. गाणं अंधारापर्यंत आलं आणि थांबलं.

मावशींचे हात उचलले गेले. मी पाहिलं. ते त्या उडत्या चालीकडे निघालेच होते. मावशींनी झटकन दोन्ही हात मागे ओढले आणि त्यांच्यावर बसल्या. खरंच बसल्या, शाळेत खोड्या करणाऱ्या मुलांना बसवतात तशा. टेलरबाईने ते बघितलं आणि तिच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, मला सांगता येणार नाही. मग ती रडली. खोळींच्या गाठोड्यावर डोकं ठेवून, मोठ्याने, कुणी मधे बोललं नाही म्हणून पुरतं रडली. पण तिचे पाय चालत होते. सूर एकही नव्हता, भाता मात्र भरत होता, रिकामा होत होता.

रडता रडता तिचं डोकं उजवीकडे घसरलं आणि भिजलेला गाल माझ्या लाकडाला टेकला. तिथेच, त्या उललेल्या सांध्याशी. ती एकदम गप्प झाली.

"मावशी, इथे गार लागतंय."

"फट पडलीय तिथे. हवा येते."

"इथेच कान लावायची ती."

"हो."

टेलरबाई हलली नाही. पाय मारत राहिली, गाल तसाच ठेवून. मला माझ्या कारागिराचं ओलं बोट आठवलं. मित्रांनो, कोरड्या गालाला तो वारा कळला नसता.

दुसऱ्या दिवशी ती कात्री, दाभण आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत ठिपक्याचा पिवळा रेनकोट होता. "भात्याला हवा न सुटणारं कापड लागतं," ती मावशींना म्हणाली, "हे चालेल." कात्री हातात घेऊन ती इतका वेळ बसली की मावशी म्हणाल्या, "राहू दे गं. दुसरं आणू." तिने मान हलवली आणि टोपीपासून कापायला सुरुवात केली. माझ्या पोटातल्या सगळ्या भेगांवर आता पिवळी ठिगळं आहेत. बाहेरून दिसत नाहीत. उजव्या सांध्याला मात्र तिने हात लावला नाही. मावशींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथलं राहू दे."

मावशी पाळकसाहेबांना घेऊन आल्या. ते गाणं रविवारी घ्यायचं, आणि त्याला कडवं जोडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पाळकसाहेब चपापले.

"अहो, पण लोक रडत घरी जातील."

"नाहीतरी घरी जाऊन रडतातच की," मावशी म्हणाल्या. "इथे रडले तर निदान एकटे नसतील."

पाळकसाहेब माझ्या लाकडावरचा गोल डाग अंगठ्याने चोळत बसले. तो पुसला जात नाही, हे त्यांना उशिरा कळलं. "कडवं न घेता थांबणं माझ्या हातून होईल का, ठाऊक नाही," ते म्हणाले.

त्या रविवारी मला परत मोठ्या खोलीत ढकललं. काकांनी म्हशीचा उल्लेख केला नाही. मावशी पट्ट्यांवर, टेलरबाई फळ्यांवर. ते गाणं मंडळींना येत नव्हतं, अडखळत म्हटलं. अंधारापाशी ते संपलं, तेव्हा सवयीने काही बाक करकरले, मंडळींना उठवायला पाळकसाहेबांचा हातही वर निघाला. अर्ध्यावर थांबला. खाली आला. मावशी हातांवर बसल्या होत्या. मग कुणीच काही केलं नाही. त्या सगळ्या खोलीत फक्त माझी धाप ऐकू येत होती, वर खाली, वर खाली. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. कशासाठी, ते कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. शेजारच्या माणसाने फक्त सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लावला.

टेलरबाई आता येते. दर रविवारी नाही. काही रविवारी गाते, काही रविवारी नुसते पाय मारते. ठिपका परत आली नाही, आणि टेलरबाईला उत्तरही मिळालेलं नाही. ती अजून विचारते. 'तू' म्हणूनच विचारते.

आता माझी विनंती ऐका. तुमच्या घरात, शाळेत, देवळात माझ्यासारखी एखादी जुनी पेटी असेल तर तिच्यावर पाण्याच्या फुलदाण्या ठेवू नका. तिचं कातडं वाळू देऊ नका, उंदरांना लांब ठेवा, कधीमधी वाजवा. आणि तुमच्या ओळखीत कुणाचं गाणं अंधारापाशी येऊन थांबलं असेल, तर त्याला तुमचं कडवं जोडायची घाई करू नका. फरशी गार असली तरी शेजारी बसा. हात आवरत नसतील तर हातांवर बसा. पाय मात्र चालू ठेवा.